उपालीची पंधरा पानं

बुद्धधर्माची ओळख सर्वसामान्य वाचकाला चाळीस पानांत करून द्यायची होती. त्यातली पंधरा पानं मी एका न्हाव्याला दिली. उरलेल्या पानांत बुद्धाचा जन्म, गृहत्याग, तपश्चर्या, चार आर्यसत्यं, अष्टांगिक मार्ग आणि भिक्षुसंघ एवढं सगळं दाबून बसवलं आणि महापरिनिर्वाणाला पाऊण पान राहिलं. त्या पाऊण पानात भगवंतांनी इतक्या घाईनं देह ठेवला, की वाचणाऱ्याला वाटावं, त्यांची नसरापूरची मोटार चुकत होती. तेव्हा मला मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते, आणि स्वतःला मात्र मी ग्रंथकार समजत होतो.

मी तेव्हा भोरला मामाकडे राहत होतो. बाजारपेठेत मामाचं केशकर्तनालय होतं. पाटीवर ‘केशकर्तनालय’ असं मीच रंगवलं होतं, आणि ते कुणालाच वाचता येत नसल्यामुळे सगळे ‘रंगू न्हाव्याचं दुकान’च म्हणायचे. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. पुढून चामड्यावर वस्तरा घासल्याचा आवाज आणि मागून मामीच्या जात्याचा, या दोन आवाजांच्या मधल्या दारात बसून मी शिकलो आणि गणितानं मॅट्रिकच्या उंबऱ्यावर अडवल्यावर शिकायचा थांबलोही तिथंच. मामाला एक सवय होती: केस कापायचे थांबले तरी त्याची कात्री थांबायची नाही, ती हवेतच कचकच करत राहायची. गिऱ्हाईकाला वाटायचं, काम चालू आहे. लेखनाच्या धंद्यात मी ही युक्ती पुढं पुष्कळ वापरली. दुकानात तुरटीचा आणि खोबरेलाचा वास, तर मागं मामीच्या हुलग्याच्या माडग्याचा. थंडीत तो वास पुढं आला की दाढी अर्धी झालेलं गिऱ्हाईकसुद्धा ‘एक वाटी आण की’ म्हणून ओरडायचं, आणि मामी आणायची.

लढाई चालू होती. दुकानात रोज वर्तमानपत्र यायचं आणि ते मी मोठ्यानं वाचायचो. नुसतं वाचून भागायचं नाही. ‘दोस्त सैन्यानं पूर्वनियोजित माघार घेतली’ असं छापलेलं असलं तर मी ‘पळाले’ असं वाचायचो. ज्यांची दाढी महिन्यात एकदा व्हायची तीही माणसं मग रोज येऊन बसू लागली. तोंडाला साबण लावून हे सगळं ऐकणारे एक गृहस्थ होते, छापखान्याचे मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भोरमध्येच पायानं चालवायचं एक छपाईयंत्र घेतलं होतं आणि सामान्य माणसासाठी लहान लहान पुस्तकांची एक माला काढायला घेतली होती. गुरांचे आजार, मुलांची काळजी, ग्रहणं का लागतात, असले विषय. बुद्धधर्मावरचं पुस्तक त्यांनी पुण्याच्या एका पंडितांना सांगितलं होतं. पंडितांनी ते लिहून धाडलंही. पण तिसऱ्या पानावरच मास्तरांच्या छापखान्यातले जोडाक्षरांचे खिळे संपले. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं हात वर केले. मास्तरांनी विचार केला, की ज्या पुस्तकाला आपल्या जुळाऱ्याचे खिळे पुरत नाहीत त्याला आपल्या वाचकाची बुद्धी कुठून पुरणार.

त्यांनी साबणातूनच मला विचारलं, बुद्धाबद्दल तुला काय ठाऊक आहे? मी खरं ते सांगितलं, की काही नाही. ‘‘मग तूच लिही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘तुला कळलं की कुणालाही कळेल.’’ हे मला माझं कौतुक वाटलं, आणि ते नव्हतं हे कळायला बरीच वर्षं जावी लागली. एवढं मात्र आजही छाती काढून सांगतो, की भोरच्या बाजारपेठेत त्या काळी बुद्धावर पुस्तक लिहायला एका न्हाव्याच्या पोराला कुणी सांगितलं असेल, तर ते मलाच.

मास्तरांनी चार जाड ग्रंथ दिले. ते मी दुकानातल्या बाकावर बसून, गिऱ्हाइकांच्या केसांत लोळत वाचले. आणि तिसऱ्या ग्रंथात, दुपारच्या सामसुमीत, मला उपाली भेटला. शाक्यांचे राजपुत्र घरदार सोडून बुद्धाकडे निघाले, तेव्हा बरोबर त्यांचा न्हावी होता, तो उपाली. वाटेत राजपुत्रांनी अंगावरचे दागिने काढून त्याच्या पदरात टाकले आणि परत जायला सांगितलं. तो थोडा गेला, मग दागिने एका झाडाला टांगून, ज्याला दिसतील त्याचे म्हणून, तोही त्यांच्या मागं आला. बुद्धापुढं गेल्यावर राजपुत्र म्हणाले, आम्ही शाक्य फार गर्विष्ठ, तर आधी या न्हाव्याला संघात घ्या, म्हणजे तो आमच्याहून वडील होईल, आम्हाला त्याच्या पाया पडावं लागेल आणि आमचा गर्व उतरेल. बुद्धानं तसंच केलं. पुढं हाच उपाली संघाच्या नियमांचा सर्वांत मोठा जाणता झाला. मी बाकावरून उठलोच. ‘‘मामा, न्हावी सापडला,’’ म्हणालो. मामानं कात्री न थांबवता सांगितलं, ‘‘मग बोलव त्याला. आज बाजार हाय, एक हात कमीच पडतोय.’’

त्या रात्रीपासून मी बुद्धाला बाजूला बसवलं आणि उपालीच्या मागं लागलो. ग्रंथांत त्याच्यावर मोजक्या ओळी होत्या. बाकीचं मी पुरवलं. त्याचं घर, त्याची बायको, राजपुत्रांच्या शेंड्या कशा होत्या, सगळं. त्याच्या खांद्याला मी वस्तरा-कात्रीची कातडी धोकटी अडकवली. ती कपिलवस्तूची कमी आणि आमच्या गावच्या, मार्गासनीच्या घरातल्या खुंटीवरची जास्त होती. हस्तलिखित वाचून झाल्यावर मास्तर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, ‘‘सदाशिव, ही बुद्धधर्माची ओळख आहे की न्हाव्यांच्या परिषदेतलं अध्यक्षीय भाषण? कागद परवान्यावर मिळतो आहे. उपालीला अर्धं पान. त्याहून जास्त दिलंस तर आर्यसत्यं तीनच छापावी लागतील.’’ मी हट्टाला पेटलो. म्हणालो, सामान्य वाचकासाठी पुस्तक ना, मग सामान्य माणसाला वाचून दाखवतो आणि तो काय म्हणतो ते ऐकून ठरवू. मास्तर म्हणाले, ‘‘दाखव. फक्त न्हाव्यांना दाखवू नकोस.’’

म्हणून मी गावी निघालो. कोळशावर चालणारी मोटार नसरापूरपर्यंत. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि मोटारीला धीर द्यायचा. तिथून पुढं गुंजवणीच्या काठानं चालत मार्गासनी. लावण्या उरकल्या होत्या, खाचरांत भात मूळ धरून हिरवं झालं होतं, आणि तोरणा ढगात तोंड खुपसून बसला होता. आता त्या वाटेनं एसटी जाते, नातू मोटारसायकलवरून भुर्रकन नेतो आणि विचारतो, आजोबा, एवढ्याशा वाटेचं तुम्ही एवढं काय सांगता? त्याला चालून दाखवायला आता माझे गुडघे तयार नाहीत.

आमचं घर गावच्या बलुत्यावर चाले. आबा, म्हणजे माझे वडील, वर्षभर गावाच्या दाढ्या आणि डोकी करायचे, आणि सुगीत खळ्याखळ्यावर सूप घेऊन जायचे. तिथं मिळेल तो भात आमचा. भात आंबेमोहोर. आई तो शिजवू लागली की आख्ख्या आळीला कळायचं, की न्हाव्याकडं आज पोरगं आलंय. मी चुलीपुढं बसून तिला माझं लिहिणं वाचून दाखवू लागलो. ‘प्रतीत्यसमुत्पाद’ हा शब्द आला तसा तिचा हात थांबला. हे कुणाचं नाव, म्हणून तिनं विचारलं. मी समजावू लागलो, की नाव नव्हे. हे आहे म्हणून ते होतं, हे नसेल तर ते नाही, असा तो विचार आहे. जाळ आहे म्हणून तवा तापतो, तवा तापला म्हणून भाकरी फुगते. जाळ ओढला की सगळं निवतं. दुःखाचंही तसंच, त्याच्या खालचा जाळ ओढायचा. तिनं भाकरी उलटली, फुगू दिली आणि म्हणाली, ‘‘मंग असं लिवायला हात दुखत व्हता का तुझा?’’ त्या संध्याकाळी मी तो शब्द खोडला आणि तिथं भाकरी लिहिली. ती भाकरी पुस्तकात अजून आहे.

श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. दिवेलागणीला सगळं गाव जमायचं. पाटील खांबाला टेकून पुढं, मग वयाप्रमाणं बाकीचे, एका अंगाला बायका. गावकुसाबाहेरची माणसं खाली चिंचेच्या पारावर बसून ऐकायची, त्यांना देवळाची पायरी नव्हती. आणि वाचणाऱ्याच्या शेजारी, एका हातात दिवटी आणि दुसऱ्या हातात तेलाची बुधली घेऊन आबा उभे असायचे. दिवटी धरणं हे न्हाव्याचं काम. आज्यानं धरली, आबांनी धरली. सगळं गाव बसायचं आणि आबा उभे राहायचे. दिवटी इतकी स्थिर, की अक्षर हलायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, आबा सगळ्यांहून उंच आहेत म्हणून उभे असतात.

त्या वर्षी पोथी सांगणारे गावचे भटजी हिवतापानं अंथरुणाला खिळले होते. पाटलांनी मला बोलावलं. वाचता येतं ना, मग वाच म्हणाले. पोथी बंद पडायला नको. दोन-चार दिवस मी सरळपणे पोथी वाचली. मग माझ्यातला ग्रंथकार गप्प बसेना. पोथीच्या लाल फडक्यात मी माझी पानं घातली आणि पुढचा अध्याय असल्यासारखी वाचायला सुरुवात केली. कुणाला संशयही आला नाही. राजा आहे, राणी आहे, पोर झालंय, वनवास आहे, पोथीला आणखी काय लागतं? सिद्धार्थ बाळंतिणीला झोपेत टाकून निघाला तेव्हा बायकांच्या मनात काहूर उठलं. ती काय म्हणाली, तिचं पुढं काय झालं, बापानं पोराला मागून तोंड तरी दाखवलं का, असं त्यांनी विचारून विचारून मला घाम फोडला. मी त्या बाईवर एक ओळ लिहिली होती. दुसऱ्या दिवशी गुराच्या गोठ्यात बसून दीड पान लिहिलं. आर्यसत्यं ऐकून पाटील म्हणाले, की दुखणं हाय, त्याला कारन हाय, ते बरं हुतंय, आन औशद हे असं. मग ह्यो तर वैद्यच म्हना की. जाड ग्रंथांतही तेच म्हटलं होतं, पण चार पानं घेऊन.

आता उपालीची पाळी होती. दुपारी आईनं मला न्हाणीपाशी गाठलं. मी आबांना काही सांगितलं नव्हतं, पण तिच्यापुढं सगळं वाचून झालं होतं. ‘‘ते न्हाव्याचं वाचू नगं,’’ ती म्हणाली. ‘‘राजाची पोरं न्हाव्याच्या पाया पडली म्हून पाटलाच्या तोंडावर सांगनार तू. म्होरं सुगी हाय. खळ्यावं सूप घिऊन आमाला जायचंय, तुझ्या उपालीला न्हाई.’’ तिचं खरं होतं. माझं पुस्तक बुडालं तर मी मामाकडे कात्री धरली असती. पण बलुतं बुडालं तर त्या दोघांनी काय धरायचं? मी वाचणार नाही असं तिला कबूल केलं, आणि संध्याकाळी फडकं सोडलं तेव्हा वर उपालीच होता. शौर्य वगैरे काही नव्हतं. लिहिणाऱ्याला स्वतःचं आवडतं पान वाचू नको म्हणणं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवणं.

मी वाचत गेलो. धोकटी आली, दागिने झाडाला टांगले गेले, राजपुत्र बुद्धापुढं उभे राहिले. लोक छान रंगले होते. आणि ‘आधी या न्हाव्याला संघात घ्या, म्हणजे आम्ही त्याच्या पाया पडू’ हे वाक्य तोंडातून गेलं, तसा पानावर तेलाचा थेंब पडला. आबांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मी वर बघितलं नाही. खालून चिंचेच्या पारावरून कुणीतरी ‘पुन्हा वाच’ म्हणालं.

पाटलांनी सावकाश विचारलं, ‘‘कुनाच्या पाया पडले म्हनलास?’’

‘‘न्हाव्याच्या.’’

‘‘आन बुद्धानं पडू दिलं?’’

‘‘त्यानंच न्हाव्याला आधी घेतलं.’’

पाटील उठले, उपरणं झटकलं आणि पायऱ्या उतरून गेले. मागोमाग बाकीचेही गेले. आरती झाली नाही, खडीसाखर ताटलीत तशीच राहिली. आबांनी दिवटी विझवली, बुधलीचं तोंड चिंधीनं पुसलं. घरी येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, की पानावरचा डाग आता जायचा नाही. आईनं ताट वाढलं आणि ती चुलीकडे तोंड करून बसली. तिनं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सकाळी पाटलांचा निरोप आला, दाढीला या. वार तर दाढीचा नव्हता. आबांनी धोकटी काढली. ती मी त्यांच्या खांद्यावरून घेतली आणि मागं निघालो. पाटील सोप्यावर घोंगडीवर बसले होते. आबांनी साबण लावला, हनुवटी वर केली, वस्तरा गळ्याशी नेला. तेव्हा पाटलांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत मला विचारलं, की ते राजपुत्र पाया पडले ते डोई भादरायच्या आधी का नंतर? मी ग्रंथात नसलेलं ठोकून दिलं, की आधी. ‘‘म्हंजी तवा वस्तरा त्याच्या हातात व्हता,’’ पाटील म्हणाले. ‘‘मंग पडत्यालच की.’’ सोप्यावरचे दोघे-तिघे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी वस्तरा गळ्यापासून दूर घेतला आणि पाटलांचं बोलणं संपायची वाट बघत राहिले.

‘‘धोंडू, किती वर्सं उभा हाईस रं पोथीला?’’

‘‘वर्सं न्हाई मोजली, पाटील. त्याल मोजून वततो.’’

पाटलांनी कानाशी सुकत चाललेला साबण बोटानं पुसला. मग म्हणाले, ‘‘आज खांबाला कंदील टांगा. राकेल माज्याकडलं. तू बस.’’

‘‘कुठं बसू?’’ आबांनी विचारलं.

त्या देवळात प्रत्येकाची जागा ठरलेली होती आणि आबांची ठरलेली जागा दोन पावलांची होती. पाटलांनी इकडंतिकडं बघितलं, एकदा माझ्याकडंही बघितलं. ‘‘बस की माज्या खांबापशी,’’ ते म्हणाले आणि हनुवटी पुन्हा वर केली. रॉकेल तेव्हा रेशनवर होतं, आणि पाटलाच्या घरातही ते मापानंच जळत होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना मी का फुगलो ते समजेल. त्या सुगीला बलुतंही नेहमीचंच मिळालं. आई म्हणायची, एका खळ्यावर मूठभर जास्तच.

पुस्तकाचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. मास्तरांना मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी तेलाचा डाग पडलेलं पान उजेडात धरून बघितलं, आपली स्वतःची प्रस्तावना फाडली आणि तिची जागा उपालीला दिली. साडेतीन पानं. निर्वाणालाही दोन मिळाली. त्यानंतर मी जाडजूड पुष्कळ लिहिलं, शालीही अंगावर पडल्या. पण आजही कुणी ते चाळीस पानांचं चोपडं हातात घेऊन आला की मी त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. कंदील टांगला म्हणून देवळाची पायरी हलली नाही, हेही लिहायला हवं. चिंचेखालची माणसं चिंचेखालीच राहिली. पुढं त्यांनी तो धर्मच स्वीकारला, तेव्हा त्यांच्यातली दोन माणसं मला शोधत भोरला आली. त्यांना ते पुस्तक हवं होतं. ‘पुन्हा वाच’ असं त्या संध्याकाळी म्हणालो तो मी, असं त्यातल्या एकानं सांगितलं, आणि माझ्याकडच्या शिल्लक प्रती सगळ्या बांधून मी त्याच्या डोक्यावर दिली. लेखकाला एवढं मिळालं की पुरे असतं.

तर त्या संध्याकाळी देवळात कंदील लागला. आबा धुतलेलं धोतर नेसून आले आणि पाटलांच्या खांबापाशी बसले. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. मांडीवर ठेवले, मग गुडघ्यांवर, मग एका हातानं दुसरा धरला. आई बायकांतून मान उंच करून त्यांच्याकडे बघत होती, पोथीकडे नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा माझा बाप बसून ऐकणार होता आणि वाचणारा मी होतो. म्हणून मी माझं सर्वांत सुंदर प्रकरण काढलं, चित्त जागं कसं ठेवावं यावरचं. ते मी तीनदा नव्यानं लिहिलं होतं. आवाजही मी जरा खोल लावला. दुसरं पान उलटतो तोच खांबापासून घोरण्याचा आवाज आला. आधी बारीक, मग चांगला भरदार, जागृत चित्ताच्या प्रत्येक लक्षणाला साथ दिल्यासारखा. पाटलांनी कुणाला आबांना हलवू दिलं नाही. मीच लौकर आटोपलं.

घरी जाताना मला राहवलं नाही. म्हटलं, आबा, इतकी वर्षं पोथीला तुमची पापणी लवली नाही, आणि माझ्याच वेळेला?

आबा चालता चालता थांबले. ‘‘मला बी वाटायचं, म्या पोथीमुळं जागा ऱ्हातो,’’ ते म्हणाले. ‘‘हातातल्या जाळामुळं ऱ्हात व्हतो.’’ पुन्हा चालू लागले, आणि दाराशी आल्यावर, माझ्या पाठीवर हात ठेवून, अगदी मायेनं म्हणाले, ‘‘तुझं लिवनं बसून ऐकायजोगं न्हाई, सदा. निजून ऐकायजोगं हाय.’’